अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जाला निबंधाचा विषय कसा निवडायचा (आणि सुरुवात फॉर्मपासून का करायची)

बारावीनंतर थेट अमेरिकेत बॅचलर्स करायचंय म्हणणाऱ्या मुलांची जुलै-ऑगस्टमधली ठरलेली तक्रार म्हणजे "निबंधाला विषयच सुचत नाहीये", आणि त्यांच्या आयांची ठरलेली तक्रार म्हणजे "अहो एवढं सगळं केलंय त्याने, त्यातलं काहीतरी लिही म्हणावं की." दोघांनीही मनाशी एकच गोष्ट धरलेली असते, की विषय म्हणजे आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना. मग ज्याच्या आयुष्यात मोठं काही घडलेलं नाही तो घाबरतो आणि ज्याच्या आयुष्यात घडलंय तो डोळे मिटून तेच लिहितो. मला वाटतं विषय सापडतो तो फॉर्ममध्ये. बाकीच्या रकान्यांत तुमच्याबद्दल जे कुठेच येत नाहीये ते हुडकायचं आणि निबंध तिथे खर्च करायचा. हे नेमकं कसं करायचं ते खाली सांगतेय. लेख लांबलाय, पण घाईत वाचण्यासारखा नाहीच्चे तो.

आधी हे समजून घ्या की लिहायचं काय आहे

बरीच कॉलेजं कॉमन ॲप नावाच्या एकाच फॉर्मवर अर्ज घेतात. त्यात एक मुख्य निबंध असतो, कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त ६५० शब्द, आणि तोच्या तोच निबंध तुम्ही अर्ज कराल त्या सगळ्या कॉलेजांना जातो. (काही कॉलेजं तो मागतच नाहीत, यादी करताना तेवढं बघून घ्या.) प्रश्न सात दिलेले असतात, त्यातला एक निवडायचा. थोडक्यात: तुमची पार्श्वभूमी किंवा आवड, एखादं अपयश किंवा अडचण, एखाद्या समजुतीला तुम्ही प्रश्न विचारलात तो प्रसंग, कुणीतरी तुमच्यासाठी केलेली आणि अनपेक्षितपणे मनाला भिडलेली गोष्ट, ज्यातून तुम्ही बदललात असा प्रसंग, ज्यात वेळेचं भान राहत नाही असा विषय, आणि सातवा म्हणजे तुमच्या मनातला कुठलाही विषय.

आता हा सातवा प्रश्न बघितला की कळतं की प्रश्नाला काही अर्थ नाहीये. म्हणजे आहे, पण प्रश्न निवडून मग विषय शोधायचा नसतो. विषय ठरवा, लिहा, मग तो कुठल्या प्रश्नात बसतो ते शेवटी बघा. कशातच बसला नाही तर सातवा आहेच.

कॅलिफोर्नियाच्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॉलेजांचा फॉर्म वेगळा आहे, तिथे आठ प्रश्नांतले चार निवडून प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं द्यायची असतात. एमआयटीचाही स्वतःचा वेगळा फॉर्म आहे. आणि इंग्लंडला अर्ज करत असाल तर हा लेख जवळपास विसरा, कारण युकासला (तिथले अर्ज जिच्यामार्फत जातात ती संस्था) तुमची गोष्ट नकोय, तुम्ही तो कोर्स का घेताय आणि त्यासाठी काय वाचलंय-केलंय ते हवंय. २०२६ च्या प्रवेशांपासून तिथे तीन ठरावीक प्रश्न आहेत आणि तिन्ही मिळून ४००० अक्षरं. अमेरिकेचा निबंध तिकडे चिकटवला की दोन्हीकडे घोळ.

एमएस केलेल्या दादाचा सल्ला जरा बाजूला ठेवा

हे मुद्दाम लिहितेय. आपल्याकडे प्रत्येक घरात, नाहीतर शेजारच्या घरात तरी, एमएसला गेलेला एक दादा किंवा ताई असते. ती मंडळी मनापासून मदत करतात, फक्त त्यांनी लिहिलेला असतो एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. त्यात असतं, मी अमुक विषय शिकलो, अमुक प्रोजेक्ट केलं, तमुक प्रोफेसरकडे रिसर्च करायचाय. मग ती त्याच साच्यात सांगतात आणि निबंध सुरू होतो, "लहानपणापासूनच मला यंत्रांचं आकर्षण होतं, खेळणी उघडून बघायचो." अंडरग्रॅडच्या, म्हणजे बॅचलर्सच्या, निबंधाला विषयतज्ज्ञ नकोय. सतरा वर्षांचा माणूस नक्की कोण आहे, कसा विचार करतो, त्याच्यासोबत हॉस्टेलच्या खोलीत राहायला कसं वाटेल, असं काहीसं कळायला हवंय.

दुसरी सवय शाळेतली. आपण सुभाषिताने सुरुवात करून, मग तीन परिच्छेद, मग शेवटी देशाला संदेश, असे निबंध लिहून मार्क मिळवलेत. नदीचं आत्मवृत्त लिहिताना नदीच बोलते, आपण कुठे नसतोच. इथे बरोबर उलटं.

पहिली पायरी: निबंध सोडून सगळा फॉर्म भरा

कॉमन ॲपवर अकाउंट कधीही उघडता येतं, नवीन वर्षाचा फॉर्म १ ऑगस्टला सुरू होतो. आधी ॲक्टिव्हिटीजचा भाग भरा. दहा ॲक्टिव्हिटीज, आणि प्रत्येकीच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं, स्पेस धरून. शिवाय बक्षिसांसाठी पाच जागा. हे भरायला बसलात की एक दिवस जातो आणि चिडचिड होते, पण हा दिवस वाया जात नाही.

भरून झालं की प्रिंट काढा आणि आपल्याला अजिबात न ओळखणारा माणूस हे वाचतोय अशी कल्पना करा. मार्कशीट, दहा ॲक्टिव्हिटीज, शिक्षकांची पत्रं. त्याला काय कळलं? "हुशार आहे, गणित चांगलं आहे, रोबोटिक्स करतो, ढोल पथकात आहे." झालं. आता कागदाच्या मागे लिहा: मला ओळखणाऱ्या माणसाला माझ्याबद्दल जे माहितीये पण या कागदावरून कळणार नाही असं काय काय आहे? उदाहरणार्थ घरात भांडणं मी मिटवते. मला हरलेलं चालत नाही. मला याद्या करायला आवडतात. मी लोकांना पटकन प्रश्न विचारतो आणि त्यामुळे सर वैतागतात. आजोबांची औषधं मी बघतो. ही यादी बावळट वाटली तरी चालेल, विषय बरेचदा इथूनच निघतो.

आणि रोबोटिक्सच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस आलं असेल तर ते कागदाच्या पुढच्या बाजूला आलेलंच आहे. पुन्हा ६५० शब्द त्याच्यावर का घालवायचे? त्या स्पर्धेत असं काही घडलं असेल जे बक्षिसावरून कळत नाही, तर गोष्ट वेगळी.

मार्क का कमी पडले, घरी कुणी आजारी होतं, कॉलेज बदलावं लागलं, हे सगळं मुख्य निबंधात कोंबू नका. त्याला वेगळी जागा आहे. २०२५-२६ च्या फॉर्मपासून अडचणी आणि परिस्थिती सांगायला २५० शब्दांचा एक रकाना आहे आणि इतर माहितीला ३०० शब्दांचा. आपल्याकडे बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत काउन्सेलर नावाचा प्राणीच नसतो, प्राचार्यांचं पत्र छापील असतं, त्यामुळे आपल्या मुलांनी हे रकाने नीट वापरायलाच हवेत. तिथे साधं, कोरडं लिहायचं, काय झालं, कधी झालं, परिणाम काय झाला. रडगाणं नको.

दुसरी पायरी: कच्चा माल, आणि तो मराठीत

कागद घ्या किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच व्हॉइस नोट पाठवा, आणि हे मराठीतच करा. किंवा घरी जे बोलता त्यात. इंग्रजीत विचार करायला बसलं की लगेच लीडरशिप, पॅशन, इम्पॅक्ट असले शब्द यायला लागतात आणि त्या शब्दांच्या मागे माणूसच दिसत नाही. मराठीत बोललात तर "मग मी काकूंना म्हटलं, असं कसं चालेल" असं काहीतरी खरं बाहेर येतं.

स्वतःला विचारायचे प्रश्न हे:

- घरात किंवा कॉलेजात कुठल्या कामासाठी लोक मलाच हाक मारतात?
- गेल्या दोन-तीन वर्षांत माझं कशाबद्दलचं मत बदललं? कुणामुळे?
- मी कशावरून उगाच वाद घालतो/घालते?
- सुट्टीच्या दिवशी कुणी न सांगता मी काय करत बसतो? (रील बघणं सोडून. किंवा रील बघण्यातही काही विशेष असेल तर ते.)
- कुठली गोष्ट मला अजून नीट कळलेली नाही आणि मी तिच्यामागे लागलोय?
- आमच्या घरात असं काय चालतं जे मित्राला सांगितलं की तो म्हणतो, "काय? खरंच?"

प्रत्येकाला दोन-तीन उत्तरं लिहा. गाळायचं नंतर. आणि पालकांनो, या पायरीला खोलीत येऊ नका. तुम्ही बघताय म्हटल्यावर मूल तेच लिहिणार जे तुम्हाला ऐकायचंय.

तिसरी पायरी: गाळणी

बऱ्याच विद्यापीठांत अर्ज भागाभागाने वाटलेले असतात, म्हणजे भारतातले अर्ज ठरावीक माणसंच वाचतात. त्यामुळे तुमचा निबंध ओहायोच्या मुलाच्या निबंधाशेजारी पडत नाही, तो दिल्ली, बंगळुरू, पुण्याच्या मुलांच्या निबंधांच्या गठ्ठ्यात पडतो. आपल्याला जे "भारतीय म्हणून वेगळं" वाटतं ते त्या गठ्ठ्यात सगळ्यात नेहमीचं असतं. मी वाचलेल्या निबंधांत पुन्हा पुन्हा येणारे प्रकार सांगते:

एनजीओतर्फे गावात जाऊन मुलांना शिकवलं आणि "शिकवायला गेलो आणि मीच शिकून आलो." दोन आठवड्यांत गाव कळत नाही हे वाचणाऱ्यालाही माहितीये. मॅच हरलो, मेहनत केली, पुढच्या वर्षी जिंकलो. आजी गेली आणि आजीचे संस्कार. यात निबंध संपतो तेव्हा आजी डोळ्यांसमोर उभी राहते आणि अर्जदार कुठेच नसतो, म्हणजे प्रवेश आजीला मिळायला हवा. जेईईच्या क्लासचा ताण आणि मग स्वतःचा शोध. लॉकडाऊन. एमयूएनमध्ये (मुलांच्या नकली संयुक्त राष्ट्रसभेत) जगाचे प्रश्न सोडवले.

आणि न्यू जर्सी, बे एरियात वाढलेल्या आपल्या मुलांसाठी खास: डब्यातली पोळीभाजी बघून वर्गातल्या मुलांनी नाकं मुरडली, मला लाज वाटली, मग भारतात गेलो आणि मला माझी संस्कृती कळली. हे घडलेलं असतं, खोटं नसतं, पण हा डबा इतक्या जणांनी उघडलाय की आता त्यातून वास येत नाही. मराठी शाळेत जायचा कंटाळा यायचा आणि नंतर तिथेच लहान मुलांना शिकवायला लागले, असं असेल तर "मुळांशी नातं" वगैरे सोडा, त्या सहा वर्षांच्या अमेरिकन मराठी पोराला "ळ" कसा म्हणायला शिकवलात ते सांगा, ते मला वाचायला आवडेल.

म्हणजे हे विषय बंद का? नाही. आजीवर लिहायचंच असेल तर लिहा, पण अट अशी की पाच ओळींत चार ओळी तुमच्या असल्या पाहिजेत, तुम्ही काय केलंत, काय चुकीचं समजत होतात, आता काय वेगळं करता. हे जमत नसेल तर विषय सोडा.

आजारपण, डिप्रेशन, घरातला हिंसाचार यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लिहायची सक्ती कुणावर नाही. दुःख जितकं मोठं तितकी सीट पक्की असलं काही नसतं. लिहिताना अजून घशात आवंढा येत असेल तर ती गोष्ट अजून चालू आहे, तिला विषय बनवू नका.

अजून एक गाळणी म्हणजे पार्श्वभूमी. दहीहंडी, वारी, आरक्षण, बारावी बोर्ड, सोसायटीचं राजकारण, हे परक्या माणसाला समजावण्यातच २०० शब्द जातात. मी असं बघते की तीन-चार वाक्यांत संदर्भ देता येतोय का. येत नसेल तर विषय बारीक करा. "आमचं ढोल-ताशा पथक" हा विषय मोठा आहे, त्यात गणेशोत्सव आला, मिरवणूक आली, सगळं आलं. पण "मी पथकात टोल वाजवतो, माझा व्हिडिओ कुणी काढत नाही आणि मी चुकलो की सगळ्यांचा ताल जातो" हे एका वाक्यात कुणालाही कळतं आणि त्यात माणूस दिसतो.

चौथी पायरी: एक विषय खणून बघायचा

हे उदाहरणाने सांगते, कारण मुलं इथेच सगळ्यात जास्त घाई करतात. समजा पुण्यातला एक मुलगा आहे. बाणेर-वाकडसारख्या भागातली सोसायटी, उन्हाळ्यात टँकर. सोसायटीत पाण्यावरून रोज भांडणं, म्हणून याने एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं, कुठल्या विंगला किती वाजता किती वेळ पाणी. भांडणं कमी झाली. त्याचा पहिला खर्डा असा येणार: समस्या होती, मी तंत्रज्ञान वापरलं, समस्या सुटली, मला लीडरशिप कळली. वाचून काय कळलं? त्याला एक्सेल येतं.

आता खणायचं. मी त्याला विचारेन, वेळापत्रकावर कुणी तक्रार केली? तो म्हणेल, हो, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी केली. का? त्यांच्या घरात सहा माणसं, त्यात एक अंथरुणावरच्या सासूबाई, आणि समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे आजोबा, आणि याने दोघांना सारखंच पाणी दिलं. मग तू काय केलंस? आधी राग आला, कारण सगळ्यांना सारखं हाच तर न्याय ना. मग? मग माणशी हिशोब केला, तर आजोबा चिडले, म्हणाले मेंटेनन्स मी तेवढाच भरतो. मग? मग काहीच नाही, मीटिंगमध्ये दोन तास वाद झाला आणि शेवटी सेक्रेटरींनी मधलं काहीतरी ठरवलं, जे माझ्या दोन्ही शीटपेक्षा वेडंवाकडं होतं आणि तेच चाललं.

आता बघा काय झालं. विषय पाणी नाही राहिला, एक्सेल तर नाहीच. "सारखा वाटा आणि न्याय्य वाटा एकच नाही हे मला एका शीटने शिकवलं आणि मला ते आवडलं नाही" असा विषय झाला. यात मुलगा विचार करताना दिसतो, हट्टी आहे हे दिसतं, लोकांचं ऐकतो हेही दिसतं. आणि हे त्याच्या ॲक्टिव्हिटीजच्या यादीत कुठेच नव्हतं, कारण सोसायटीचं वेळापत्रक ही ॲक्टिव्हिटी असते हेच त्याला माहीत नव्हतं.

खणायचं अवजार एकच आहे, "मग?" आणि "का?" हे दोन प्रश्न कुणीतरी न कंटाळता विचारत राहायचे. आईबाबांपेक्षा मावशी, चुलत बहीण, कॉलेजातला मित्र जास्त बरा, कारण त्यांना उत्तर आधीच माहीत नसतं. चार-पाच वेळा "मग?" विचारल्यावर जर काहीच नवीन निघत नसेल, सगळं "मग मला खूप आनंद झाला" इथेच थांबत असेल, तर तो प्रसंग छान आहे पण विषय नाही.

पाचवी पायरी: दोन विषय, अर्धा-अर्धा तास

आता हातात दोन-तीन विषय उरले असतील. वाद घालत बसू नका, प्रत्येकावर अर्धा तास घड्याळ लावून लिहा, इंग्रजी वाईट असलं तरी चालेल. मग दुसऱ्या दिवशी वाचा आणि खुणा करा: जिथे नेमकी वस्तू, नेमकं वाक्य, नेमकी जागा आहे तिथे बरोबरची खूण, आणि जिथे "मी खूप काही शिकलो" टाइपचं आहे तिथे फुली. ज्याच्यावर बरोबरच्या खुणा जास्त तो विषय घ्या, तो तुम्हाला कितीही किरकोळ वाटत असला तरी.

मग एक शेवटची तपासणी. नाव काढून निबंध दोन माणसांना द्या, एक जो तुम्हाला चांगला ओळखतो आणि एक जो फारसा ओळखत नाही. पहिल्याला विचारा, हा मीच वाटतो का? दुसऱ्याला विचारा, हा मुलगा किंवा मुलगी कशी आहे असं वाटलं, तीन शब्दांत सांग. पहिला "हो" म्हणाला आणि दुसऱ्याचे शब्द "मेहनती, हुशार, चांगला" यापेक्षा वेगळे आले तर विषय पक्का. "चांगला आहे" एवढंच सगळे म्हणत असतील तर परत यादीकडे.

दहा जणांना मात्र दाखवू नका. प्रत्येक काका एक वाक्य बदलतो आणि शेवटी निबंध काकांचा होतो. विषय चॅटजीपीटीला विचारायचा मोह होणार, तर तो तुम्हाला वरच्या गाळणीतलेच विषय काढून देईल, आणि एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमात फसवणुकीत धरलं जातं. "विषयासकट निबंध देतो" म्हणणाऱ्या एजंटांचंही तेच, एकच गोष्ट ते नावं बदलून किती जणांना विकतात कोण जाणे.

वेळेचं गणित

अर्ली अर्जांची (म्हणजे लवकरच्या फेरीतल्या) मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर असते, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, आणि कॉलेजची सहामाही पण तेव्हाच कुठेतरी. रेग्युलरची, म्हणजे नेहमीच्या फेरीची, मुदत बहुतेक जानेवारीच्या सुरुवातीला, तेव्हा प्रिलिम डोक्यावर. म्हणून विषय गणपती बसायच्या आधी ठरवून टाका, पहिला पूर्ण खर्डा नवरात्रापर्यंत. पथकात असाल तर अजूनच आधी, कारण सरावाच्या दिवसांत संध्याकाळी काही होत नाही हे मला सांगू नका, माहितीये.

आणि जे विषय गाळलेत ते फेकू नका, एका फाइलमध्ये ठेवा. मुख्य निबंधाशिवाय बरीच कॉलेजं आपापले छोटे प्रश्न विचारतात, आमचंच कॉलेज का, तुमच्या समाजाबद्दल सांगा, रूममेटला काय सांगाल, आणि शिकागो युनिव्हर्सिटी तर मुद्दाम विचित्र प्रश्न काढण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे टोल वाजवणारा, औषधं सांभाळणारा, याद्या करणारी, सगळे कामाला येतात. फाइलमध्ये प्रत्येक विषयापुढे तो कुठल्या कॉलेजला वापरला ते लिहून ठेवा, नाहीतर डिसेंबरात एकाच कॉलेजला एकच गोष्ट दोनदा जाते.